झिजलेल्या जुन्या अमेरिकी चांदीच्या नाण्यांचा दर्जा कसा ठरवावा?

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार.

सोलापूरच्या घरी आजोबांच्या पितळी डब्यात राणीछाप रुपये असत आणि लक्ष्मीपूजनाला ते बाहेर निघत. नाण्यांची ओढ मला तेव्हापासून आहे. अमेरिकेत आल्यावर गेली दोन वर्षे मी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडलेली चांदीची नाणी जमवीत आहे. नवी कोरी दिसणारी नाणी माझ्या ऐपतीबाहेरची आहेत, हे एक कारण झाले. पण खरे सांगायचे तर हजारो हातांतून फिरून गुळगुळीत झालेले नाणेच मला अधिक आवडते. त्यामुळे मी मुद्दामच झिजलेली नाणी घेतो. अडचण दर्जाची आहे. वरच्या दर्जांविषयी भरपूर लिहिलेले सापडते, खालच्या दर्जांविषयी मात्र दोन ओळींत आटोपलेले असते.

सध्या माझ्यासमोर तीन नाणी आहेत.

पहिले १८२६ चे कॅप्ड बस्ट (टोपी घातलेल्या लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा, अर्धपुतळा असलेले) अर्धा डॉलर. विक्रेत्याने पाकिटावर ‘व्हेरी गुड १०’ लिहिले आहे. टोपीच्या पट्टीवरील ‘लिबर्टी’ या शब्दातील पहिली दोन अक्षरे मला स्पष्ट दिसतात, शेवटचे अक्षर दिवा तिरका धरला तरच दिसते आणि मधली अक्षरे गेलेली आहेत. दोन्ही बाजूंची कड पूर्ण आहे. गरुडाच्या डोक्यावरील फितीवर लॅटिन बोधवाक्य असायला हवे, तेथे केवळ फितीची बाह्यरेषा उरली आहे.

दुसरे १८०६ चे ड्रेप्ड बस्ट (वस्त्र पांघरलेल्या लिबर्टीचा अर्धपुतळा असलेले) अर्धा डॉलर. याच्या दर्शनी बाजूवर केसांच्या मागच्या भागात सहा-सात समांतर तिरक्या रेघा आहेत. विक्रेता म्हणतो की त्या टांकसाळीतच पडलेल्या आहेत. मला ते ओरखडे वाटतात.

तिसरे १८२१ चे डाइम, म्हणजे दहा सेंटांचे नाणे. हे इतके पांढरेशुभ्र आहे की घेतल्यापासून मनात शंका आहे.

या तिन्हींचा दर्जा आपण कसा ठरवाल, आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्रमाने पाहाल?

उत्तर १ (लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया)

नमस्कार. मी ही नाणी बरीच वर्षे पाहत आलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

दर्जासाठी आपण सगळे जी १ ते ७० ची मोजपट्टी वापरतो (आकडा जितका मोठा तितके नाणे कमी झिजलेले), ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटांसाठी मांडली होती. चांदीच्या नाण्यांना ती नंतर लावण्यात आली. त्यामुळे ‘गुड ४’ किंवा ‘व्हेरी गुड ८’ या आकड्यांचा अर्थ प्रत्येक प्रकारच्या नाण्यात वेगळा शोधावा लागतो. ‘लिबर्टीची तीन अक्षरे दिसली की व्हेरी गुड’ हा नियम अनेक जण तोंडपाठ करतात. पण १८०६ च्या नाण्यावर हा शब्द टोपीवर नसून डोक्याच्या वर, मोकळ्या जागेत, मोठ्या अक्षरांत आहे. तेथे तो शब्द कड झिजेपर्यंत टिकून राहतो आणि दर्जाबद्दल फारसे काही सांगत नाही. तेथे केसांच्या बटा आणि खांद्यावरील वस्त्राच्या घड्या पाहाव्या लागतात.

क्रम विचारलात म्हणून सांगतो. भिंग बाजूला ठेवा. नाणे काठाने धरा, एकाच दिव्याखाली हळूहळू फिरवा आणि सर्वांत आधी कड पाहा. कड झिजून अक्षरांच्या माथ्यात किंवा ताऱ्यांत शिरली असेल, तर नाणे ‘अबाउट गुड ३’ मध्ये गेले, मग मधला भाग कितीही चांगला दिसो. कड आणि अक्षरे यांच्यामध्ये अगदी बारीक का होईना मोकळी जागा उरली असेल आणि सन वाचता येत असेल, तर आपण ‘गुड’ मध्ये आहोत. त्यानंतर मधला भाग पाहावा. कॅप्ड बस्ट अर्ध्या डॉलरमध्ये ‘गुड’ नाण्यावर मूर्ती सपाट झालेली असते, फक्त बाह्यरेषा ठसठशीत असते. ‘व्हेरी गुड’ मध्ये टोपीवरील शब्द पुसट का होईना दिसतो आणि खांद्याशी वस्त्र अडकवणारा आकडा ओळखू येतो, मात्र त्याच्या वरची केसांची बट जवळजवळ गुळगुळीत असते. आकडा आणि ती बट दोन्ही वेगवेगळी उठून दिसू लागली की ‘फाइन १२’ आले. आपल्या वर्णनावरून पहिल्या नाण्याला मी ‘गुड ६’ म्हणेन. ‘व्हेरी गुड १०’ तर नक्कीच नाही.

तरीही एवढ्यावर थांबू नये, कारण या काळातील नाण्यांत खरी मेख पुढेच आहे. जे दिसत नाही ते झिजले म्हणून दिसत नाही, की मुळात उमटलेच नव्हते? ठसे हाताने कोरलेले, यंत्र माणसांच्या बळावर चालणारे, ज्यांवर नाणे पाडायचे त्या कोऱ्या चकत्यांची जाडी थोडीफार कमीजास्त. अर्ध्या डॉलरच्या चकतीवर दाब पडला की धातू दोन्ही ठशांच्या खोलगट भागांत शिरत असे. समोरासमोरच्या दोन्ही जागा खोल असतील, तर दोन्हीकडे धातू पुरत नसे. दर्शनी बाजूवरील खांदा आणि मागील बाजूवरील बोधवाक्याची फीत यांचे नेमके हेच नाते आहे. अमेरिकी नाणे खालून वर उलटले म्हणजे मागची बाजू सरळ येते, त्यामुळे मूर्तीच्या खालच्या भागामागे गरुडाच्या वरचा भाग येतो. आकडा आणि बोधवाक्य ही दोन्ही एकाच वेळी फिकी असतील आणि त्यांच्या शेजारचे तितकेच उंच तपशील मात्र चांगले असतील, तर तो दोष ठशाचा आहे, झिजेचा नाही.

फरक डोळ्यांनीही कळतो. झीज गुळगुळीत असते. बोटांनी, खिशातल्या कापडाने आणि इतर नाण्यांनी ती जागा घोटलेली असते. न उमटलेल्या जागी मूळ चकतीचा खरखरीतपणा, बारीक खड्डे, क्वचित लाटणयंत्राच्या रेघा तशाच राहिलेल्या दिसतात. मात्र आपल्या नाण्याइतकी झीज झाल्यावर हा खरखरीतपणाही निघून जातो, म्हणून खालच्या दर्जात पुष्कळदा शेजारच्या भागांशी तुलना एवढाच पुरावा हाती राहतो. १८०७ च्या ड्रेप्ड बस्ट अर्ध्या डॉलरबाबत तर मी नेहमीच सावध असतो. तो फिका उमटण्यासाठी प्रसिद्धच आहे.

आता १८०६ च्या रेघा. १७९२ च्या कायद्याने डॉलरचे वजन ४१६ ग्रेन आणि त्यातील शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन ठरवून दिली होती, म्हणजे कस सुमारे ०.८९२४, अर्ध्या डॉलरचे वजन त्याच्या निम्मे, म्हणजे १३.४८ ग्रॅम. चकती जड भरली तर ती पाडण्याआधी कानशीने घासून वजनात आणत, आणि हलकी भरली तर सहसा पुन्हा वितळवीत. विक्रेता ज्या रेघांविषयी बोलतो त्या कानशीच्या. त्या असतील तर नाण्याला खोट येत नाही. ओळखण्याची खूण अशी की कानशीची रेघ ठशाच्या खाली गेलेली असते. जेथे ठसा जोरात दाबला गेला त्या मोकळ्या जागेत ती बुजते, आणि कडेच्या दात्यांत (कडेलगतच्या दातेरी नक्षीत) व मध्यभागी ती टिकते. तिच्या दोन्ही बाजूंना उचललेला धातू नसतो. ओरखडा नंतरचा असतो. तो उंच भागांना आधी कापतो, मोकळ्या जागेतून बिनदिक्कत धावतो आणि त्याच्या कडेला नख अडकेल असा बारीक उंचवटा असतो. आपल्या रेघा कोठे सुरू होतात, कोठे विरतात आणि त्यांच्या तळाचा रंग कसा आहे, एवढे कळवा.

नाणे वजन करून पाहिले नसेल तर तेही करा.

उत्तर २ (पुणे)

मी अमेरिकी नाणी जमवीत नाही, माझा संग्रह मराठाकालीन रुपयांचा आहे. पण वरील उत्तरातील झीज आणि ठसा यांच्यातला भेद वाचून एक गोष्ट लिहावीशी वाटली.

आमच्या अंकुशी किंवा चांदवडी रुपयांत ठसा चकतीहून मोठा असतो, त्यामुळे कोणत्याही एका नाण्यावर पूर्ण मजकूर कधीच येत नाही. म्हणून रुपया हातात घेतला की पहिला विचार ‘काय उमटले आहे’ हा असतो आणि ‘किती झिजले आहे’ हा त्यानंतरचा. ही सवय आपल्याला अमेरिकी नाण्यांतही उपयोगी पडेल. उलट ज्यांची सुरुवात यंत्रावर काटेकोर पाडलेल्या राणीछाप रुपयापासून होते, ते दिसेनाशा झालेल्या प्रत्येक रेषेला झीज समजतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी बाब सराफांच्या खुणांची. सराफांनी पारखण्यासाठी मारलेल्या खुणा आमच्याकडे इतक्या सर्रास आढळतात की त्यांना नाण्याच्या चरित्राचा भाग मानले जाते. अमेरिकी संग्राहक अशा खुणांकडे कसे पाहतात, हे जाणून घ्यायला आवडेल.

प्रश्नकर्ता (एडिसन, न्यू जर्सी)

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री टेबलावरचा एकच दिवा लावून बसलो.

१८०६ च्या नाण्यावरील रेघा डावीकडच्या दात्यांत सर्वांत ठळक आहेत. तेथून आत येताना ताऱ्यांजवळच्या मोकळ्या जागेत त्या जवळजवळ नाहीशा होतात आणि केसांच्या मागच्या भागात पुन्हा पुसटशा दिसतात. त्यांच्या तळाचा रंग आसपासच्या भागासारखाच करडा आहे. लाकडी दातकोरणीचे टोक आडवे फिरवून पाहिले, कोठेही अडकले नाही.

१८२६ च्या नाण्याचे वजन १३.११ ग्रॅम भरले. ते दोऱ्याने बांधून, पाण्याच्या भांड्यात तळाला न टेकवता बुडवले, तेव्हा वजनातील घट १.२७ ग्रॅम आली. म्हणजे घनता १०.३२ होते. हे बरोबर आहे ना?

१८२१ च्या डाइमवर अक्षरांच्या कोपऱ्यांतही काळेपणा नाही. भिंगातून एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या असंख्य रेघा दिसतात.

उत्तर ३ (वूस्टर, मॅसॅच्युसेट्स)

घनता अगदी योग्य आहे. चांदीची घनता १०.४९ आणि तांब्याची ८.९६ धरली, तर ०.८९२४ कसाच्या मिश्रणाची १०.३० येते. घरगुती काट्यावर एवढा फरक चालतो. १३.४८ वरून १३.११ वर आलेले वजन ‘गुड’ दर्जाच्या झिजेशीही जुळते. हे तपासणे आवश्यक होते, कारण अर्धा डॉलर हे त्या काळातच खोट्या नाण्यांचे आवडते लक्ष्य होते. जर्मन सिल्व्हर नावाच्या, चांदीचा अंशही नसलेल्या मिश्रणाची समकालीन खोटी नाणी आजही सापडतात. त्यांची घनता पावणेनऊच्या आसपास येते, त्यामुळे ती पाण्यात लगेच पकडली जातात. आता काठही पाहा. तेथे ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ ही अक्षरे असतील. ती चकतीवर पाडण्याआधीच उठवली जात आणि मग ठशाच्या दाबाने थोडी चेपली जात, म्हणून ती फिकी किंवा एकमेकांवर चढलेली असली तरी घाबरू नका. काठाभोवती फिरणारी ओतकामाची शिवण किंवा डाग दिल्याची खूण मात्र दिसता कामा नये. या नाण्यांचे दागिने पुष्कळ झाले आणि पदकाचा कोंढा काढून टाकलेले नाणे समोरून निर्दोष दिसते.

रेघांचे वर्णन वाचून माझ्या मनात शंका उरलेली नाही. त्या कानशीच्या आहेत. विक्रेत्याने तेथे खरे सांगितले.

दर्जाच्या बाबतीत मात्र मी लँकेस्टरच्या मित्रांशी किंचित असहमत आहे. पट्टीवरील दोन अक्षरे स्पष्ट आणि एक पुसट, शिवाय दोन्ही कडा पूर्ण, हे नाणे माझ्या हाती आले असते तर मी ‘व्हेरी गुड ८’ लिहिले असते. बोधवाक्य गेले आहे हे खरे, पण ते उमटतानाच फिके असण्याची शक्यता त्यांनीच वर समजावून सांगितली आहे. खांद्यावरचा आकडा कसा आहे, यावर अंतिम निर्णय अवलंबून राहील.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते, कारण झिजलेली नाणी जमवणाऱ्याला ती ठाऊक असावी. १८०४ मध्ये चांदीचा डॉलर पाडणे थांबले आणि पुढची तीस-एक वर्षे अर्धा डॉलर हेच देशाचे सर्वांत मोठे चांदीचे नाणे राहिले. बँकांनी ते गंगाजळी म्हणून तिजोऱ्यांत ठेवले. पिशव्या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात, पण नाणी बाजारात फारशी फिरत नसत. म्हणून १८२६ चे चाळीस लाखांवर अर्धे डॉलर पाडले गेले असले, तरी प्रदर्शनांत फिरताना ‘व्हेरी फाइन’ च्या आसपासची नाणीच अधिक भेटतात आणि खरोखर गुळगुळीत झालेले, तरीही निर्दोष असे नाणे शोधावे लागते. डाइम आणि पाव डॉलरची गोष्ट उलटी आहे. ती खऱ्या अर्थाने खुर्दा होती. १८५७ पर्यंत कायदेशीर चलन असलेल्या स्पॅनिश रियालांच्या बरोबरीने ती दुकानांत, टोलनाक्यांवर, पथारीवर फिरली आणि झिजली. आपला अर्धा डॉलर इतका झिजला आहे, म्हणजे तो तिजोरीतून सुटून लोकांमध्ये राहिलेल्यांपैकी आहे. मला स्वतःला अशा नाण्याचे मोल अधिक वाटते.

डाइमबद्दल वाईट वाटते, पण ते घासलेले आहे. दोनशे वर्षे फिरलेल्या चांदीचा रंग उंच भागांवर फिका करडा आणि अक्षरांच्या सांदीत गडद असतो. तो गडदपणा म्हणजे त्या नाण्याचे वय. घासले की तो प्रथम जातो आणि सगळे नाणे एकाच पांढऱ्या रंगाचे होते. एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा हा दुसरा पुरावा. प्रमाणित करणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला आकडा न देता ‘गुड डिटेल्स, क्लीन्ड’ असा शेरा देतात. आपल्याकडे गौरी-गणपतीच्या आधी चांदीची भांडी रांगोळीने किंवा दंतमंजनाने लख्ख करतात, त्याच हाताने मी संग्रहाच्या पहिल्या वर्षी १८२९ चा हाफ डाइम (पाच सेंटांचे चांदीचे नाणे) चोळला होता. चोळताना बोटाखाली चांदी उजळत गेली आणि मला आनंद झाला होता. तो हाफ डाइम मी अजून जवळ ठेवला आहे. त्याचा रंग आजही कापलेल्या पत्र्यासारखा दिसतो.

पुण्याच्या मित्रांच्या प्रश्नाबद्दल : येथे सामान्य ओरखडा, भोक किंवा पारखीची खूण हा दोषच मानला जातो. अपवाद दुकानदारांनी किंवा कारागिरांनी आपल्या नावाचे शिक्के मारलेल्या नाण्यांचा. त्यांचे स्वतंत्र संग्राहक आहेत आणि शिक्का वाचता येत असेल तर त्याला मागणीही असते.

उत्तर ४ (लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया)

वूस्टरच्या मित्रांचा मुद्दा मला मान्य आहे. खांद्यावरचा आकडा ओळखू येत असेल तर मी ‘व्हेरी गुड ८’ मान्य करीन. तो सपाट असेल तर ‘गुड ६’ वर ठाम राहीन. अशा सीमेवरच्या नाण्यात दोन जाणत्यांचे मत एका पायरीने वेगळे पडणे नेहमीचे आहे, आणि साध्या सनाच्या नाण्यात त्याने किमतीतही फार फरक पडत नाही. १७९६-९७ च्या अर्ध्या डॉलरसारखे, दोन वर्षांत मिळून ३,९१८ च पाडलेले नाणे असते तर मी याच एका पायरीसाठी तासभर वाद घातला असता.

एक पुढची पायरी सुचवतो. त्या काळी प्रत्येक ठशावर तारे, अक्षरे आणि अंक वेगवेगळ्या पंचांनी (ठोकून आकृती उमटवण्याच्या अवजारांनी) हाताने ठोकले जात, त्यामुळे कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे नाहीत. अल ओव्हरटन यांनी १८३६ पर्यंतच्या अर्ध्या डॉलरांच्या ठशांच्या जोड्यांना क्रमांक दिले आहेत आणि आजही सगळे संग्राहक तेच क्रमांक वापरतात. नेहमीची खूण म्हणजे वरील ‘युनायटेड’ शब्दातील ‘टी’ च्या खाली बोधवाक्यातील ‘आय’ नेमका कोठे येतो, ही. आपल्या नाण्यावर बोधवाक्य नाही. पण खालच्या ‘५० सी’ चे अंक आणि बाणांची टोके यांच्यातले अंतर, ताऱ्यांची टोके कोणत्या दात्याकडे वळली आहेत आणि ठशाला गेलेले तडे, हे सगळे ‘गुड’ नाण्यावरही वाचता येते. या कामात झिजलेले नाणे कमी पडत नाही.

नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटात असतील तर आजच बाहेर काढा. त्या प्लास्टिकमुळे काही वर्षांत हिरवट चिकट थर धरतो. तसा थर दिसलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून दूर, नुसते बुडवून काढा. नखांचा रंग काढण्याचे द्रव वापरू नका आणि पुसू नका.

प्रश्नकर्ता (एडिसन, न्यू जर्सी)

खांद्यावरचा आकडा ओळखू येतो. त्याची खालची अर्धी कड दिसते आणि वरची बट पूर्ण सपाट आहे. काठावरची अक्षरेही सापडली. ‘हाफ’ मधली दोन एकमेकांवर चढली आहेत, शिवण कोठेही नाही. १८२६ च्या पाकिटावर विक्रेत्याचा आकडा खोडून पेन्सिलने ‘व्हेरी गुड ८, बोधवाक्य फिके’ असे लिहिले आहे. १८०६ च्या पाकिटावर ‘कानशीच्या रेघा, डावीकडे दाते’ एवढेच लिहून दर्जाची जागा कोरी ठेवली आहे, कारण वस्त्राच्या घड्या मला अजून नीट वाचता येत नाहीत. रविवारी दिवसाच्या उजेडात पुन्हा पाहीन आणि त्यांचे छायाचित्र येथे टाकीन. डाइम परत घ्यायला विक्रेता तयार झाला आहे.